दार कुठल्या बाजूला?

तळ्याचं पाणीसुद्धा दुपारी डुलक्या घ्यायचं, त्या काळातली गोष्ट. काठच्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांची अर्धी घरटी झुलत होती. मादीला अर्धं घरटं पसंत पडलं, तरच नर ते पुरं करी, अशी त्यांची रीत.

एक मादी घरटी बघायला आली तशी केसऱ्या नावाचा नर म्हणाला, “काल मी हळद्यापेक्षा भराभर विणलं!”

“आणि मी तुझ्यापेक्षा घट्ट विणलं!” हळद्या उसळला. दोघांची जुंपली.

मादी शेजारच्या फांदीवर गेली. तिथे तिसरा नर गवताचं पातं ओवत होता.

“तू कसं विणलंस?”

“अजून विणतोय,” तो म्हणाला. “दार कुठल्या बाजूला ठेवू? सकाळचं ऊन आवडतं तुला?”

मादी आत जाऊन बसली. तळ्याच्या पाण्यात दिसणारं घरटंही तिच्यासकट हळूच झुललं.

पलीकडे दोघे अजून कालचंच सांगत होते.