हाकेचा सडा

पाय आपटत चालू नका. हा आमचा हाकेचा सडा. डोंगराचा माथा, पण एवढा सपाट की गाडी फिरवावी, आणि झाड म्हणाल तर एक नाही. टाच मारली की खालून रिकाम्या रांजणासारखा आवाज येतो. हा लाल दगड हातात घ्या, दिसतो त्या मानानं हलका लागेल. त्यावर तोंडाची वाफ सोडा, मातीचा वास येईल. आता जिभेला लावा. हसताय काय, लावा! धरली ना जीभ? ओढून सोडवून घ्यावी लागते.

मागं जीपमधून साहेब लोक आले होते. म्हणाले, हे बॉक्साइट, यातून अॅल्युमिनियम काढतात, आणि हे असं डोंगराच्या माथ्यावरच सापडतं, पायथ्याला नाही. असेल. पण दगडात हे वाटाण्याएवढे गोल दाणे कुठून आले म्हणून विचारलं, तर म्हणाले, पावसानं झाले, लाखो वर्षांच्या. मी म्हटलं, बरं. आमच्याकडं वेगळं सांगतात. ऐकायचं तर खाली बसून ऐका.

असं सांगतात की, गाव तेव्हाही खालीच होतं, पण बियाणं वर ठेवायचे. खाली जमीन पाझरते, दाणा बुरसतो. म्हणून सड्यावर पेव खणलेलं होतं. पेव म्हणजे माणूस उभा बुडेल असा खड्डा. तोंड अरुंद, त्यावर शिळा, शिळेच्या कडेनं चिखलाचा लेप. एकदा लेप दिला की पेरणीपर्यंत उघडायचं नाही. आणि एक धाक होता. बंद पेवात भुकेलं काहीतरी येऊन बसतं आणि आपल्याच माणसाच्या आवाजात हाक मारतं, असं सगळे मानत. त्याला ओ दिली की बियाणं गेलं, ओ देणाराही गेला.

या पेवाची राखण सटवा नावाच्या माणसाकडं होती. त्याची बायको हौसा. लेप द्यायच्या आधी आत उतरून दाण्यावर राख आणि कडुनिंबाचा पाला पसरायचं काम तिचं, कारण अंगानं बारीक. ते वर्ष वाईट होतं. पेव अर्धंच भरलेलं, घरात चूल थंड. लेप द्यायच्या दिवशी सकाळीच हौसा म्हणाली, "थोडं बियानं काढू या, मग बघू काय ते."

सटवा खवळला. "गावाचं बियानं खातीस व्हय? तुझ्या बापाचं पेव हाय का ते?"

"बापाकडंच जाते मग," म्हणून ती निघाली. तिच्या माहेरची वाट या सड्यावरूनच जाते. पण बाई कामाची. जाता जाता ठरलेलं काम उरकावं म्हणून पेवात उतरली. राख पसरली, पाला पसरला. पोटात काही नव्हतं, आत ऊब होती, तिथंच तिचा डोळा लागला, म्हणे.

दिवस वर आला तसे सटवा, पाटील आणि चार गडी आले. बायको माहेरी गेली म्हणून सटवा घुश्शातच होता. राख-पाला झाला का ते त्यानं विचारलं नाही, आत कुणी वाकून बघितलं नाही. शिळा सरकवली, लेप दिला, गडी खाली गावात गेले. सटवा आणि पाटील लेप वाळेपर्यंत बसून राहिले.

मग शिळेखालून टकटक झाली. मग आवाज आला, "अवो, ऐकलं का!"

सटवा ताडकन उठला. "पाटील, हौसा हाय."

"हौसा म्हायेरला गेली न्हवं? तूच म्हनालास. बस गुमान."

"अवो धनी, मी हाय! शिळा काढा!"

सटव्याला राहवेना. त्यानं पहार उचलली, लेपात घातलीसुद्धा. आतल्या बाईचा श्वास कोंडायला लागला असेल. तिला काही सुचेना, तेव्हा तिनं जन्मात केलं नव्हतं ते केलं. नाव घेऊन हाक मारली. "सटवा! ए सटवा!"

इथंच घात झाला. त्या काळी जीव गेला तरी बाई नवऱ्याचं नाव तोंडावर आणत नसे. सटव्यानं पहार खाली ठेवली. म्हणाला, "न्हाई पाटील. माझी हौसा माझं नाव घ्यायची न्हाई. हे दुसरंच काय तरी हाय." आणि तो शिळेवर जाऊन बसला. खालून नाव येत होतं. तो कान दाबून बसला होता. उन्हं उतरली तशी हाक थांबली.

पुढं हौसाचा भाऊ गावात आला. म्हणाला, "बहिणीला न्यायला आलोय."

सटवा जो पळत सुटला तो सड्यावर येऊन थांबला. शिळा काढली. आत हौसा नव्हती, असं सांगतात. भिंतींवर नखांचे ओरखडे होते. राख आणि पाला नीट पसरलेला होता. त्याखालचं बियाणं सगळं लाल दगड झालेलं, एकात एक चिकटलेलं. सटव्यानं एक दाणा तोंडात घातला, तर त्यानं जीभ धरली. आतलं माणूस तहानेलं होतं हो.

त्यानंतर तो बायकोला शोधत सडा खणत सुटला. जिथं पहार घाली तिथं हाच दगड निघे, दगडात हेच दाणे. खणताखणताच मेला म्हणे.

आजही आमच्या गावात लग्न लागलं की वरात आधी इथं येते. नवरा त्या कडेला, नवरी या कडेला. ती त्याचं नाव घेऊन हाक मारते. उखाण्यात गुंडाळून नाही, नुसतं नाव, रानात मारावी तशी. पहिल्याच हाकेला त्यानं ओ द्यायची. मग वाजंत्री बंद, सगळे गप्प. खालून टक् झालं असं वरातीत कुणा एकालाही वाटलं, की नवऱ्यानं बाशिंग उतरवायचं, पहार घ्यायची आणि तिथंच खणायचं. भास झाला का, नक्की ऐकलंस का, असं विचारायचं नाही.

सड्याभर हे खड्डे दिसताहेत ना? साहेबांनी विचारलं, इथं आधी कुणाची खाण होती का. मी म्हटलं, नाही, नवरदेवांनी खणलेत. तो कमरेएवढा आहे ना कडेचा, तो माझा.