बगळीचं बिनचूक वाक्य

नदीला अजून कुणी बांध घातला नव्हता, तेव्हाची गोष्ट. काठावरच्या गोट्यांत एका टिटवीनं चार अंडी घातली होती. थव्यातून मागे राहिलेली एक बगळी तिच्या शेजारी आली. म्हणाली, "ताई, मला तुमची बोली शिकवा. तुम्ही चरायला गेलात की मी राखण करीन."

टिटवी हौसेनं शिकवू लागली. पण बगळीनं चोच उघडली रे उघडली, की ही मध्येच तोडायची. "अगं, केवढा जाड आवाज! पुन्हा म्हण." एकदा बगळी सांगत होती, 'काठावर कुत्रा आलाय.' टिटवीनं ते तिच्याकडून तीनदा घोटून घेतलं. तोवर कुत्रा पाणी पिऊन गेलासुद्धा. टिटवी पलीकडच्या काठावर असली, तरी तिथून सगळ्या पाखरांना ऐकू जाईल अशा आवाजात बगळीच्या चुका काढायची.

बगळी हळूहळू गप्प झाली. टिटवीला वाटलं, चला, चुका तरी थांबल्या.

एका दुपारी टिटवी चरून परतली, तर गोट्यांत नुसती टरफलं. मुंगूस येऊन गेलं होतं. बगळी दोन पावलांवर उभी होती.

"तुला दिसलं नाही का गं?"

"दिसलं, ताई."

"मग ओरडली का नाहीस? कशीही ओरडली असतीस, तरी मी धावत आले असते!"

बगळीनं मान खाली घातली. "चुकू नये म्हणून आधी मनात म्हणून बघत होते."

टिटव्यांच्या बोलीतलं ते तिचं पहिलं बिनचूक वाक्य होतं. टिटवीनं ते, पहिल्यांदाच, शेवटपर्यंत ऐकून घेतलं.