डोंगरावरची पंगत

पूर्वी हेमावती नगरीत चंद्रकेतू राजा गादीवर असताना बोधिसत्त्वांनी एका लाकूडव्यापाऱ्याच्या घरी जन्म घेतला. नाव नंदिसेन. माणूस गोड बोलणारा, पण व्यवहाराला पक्का.

राजवाड्याला खांब लागणार हे हेरून त्याने चित्रा नदीच्या उगमाचा गवताळ डोंगर घेतला आणि झटपट वाढणारी सरळ झाडं दाटीने लावली. झाडं तरारली. लोक म्हणाले, "श्रेष्ठी, पुण्य केलंत. आता नदी दुथडी वाहील."

झालं उलटंच. नदी वर्षागणिक रोडावत गेली. एका चैत्रात नदीच्या तरीवर होड्या चालवणारी नावाडीण उत्पला दारात उभी राहिली. "श्रेष्ठी, होड्या वाळूत रुतल्यात. पुढच्या उन्हाळ्यातही हेच असेल, तर त्या फोडून चुलीत घालू आणि वस्ती हलवू."

नंदिसेन भागीदार कुंडकाला घेऊन डोंगर चढला. त्यांच्या झाडांखालचा ओढा कोरडा ठणठणीत. समोरच्या गवताळ डोंगरातून मात्र झरा खळखळत होता. पाऊस तर दोन्हींवर सारखाच पडलेला! नंदिसेन म्हणाला, "कुंडका, नदी आपलीच झाडं पितायत."

"मग त्यांना उपास धरायला सांगतोस?"

"नाही. पंगतीत पानं कमी मांडू."

"अरे, आत्ता तोडलीस तर खांब नाही, कुंपणाच्या काठ्या मिळतील!"

"काठ्या तर काठ्या."

"मग सगळंच काप की, एकदाचं!"

"उघड्या डोंगराची माती नदीत उतरेल. होड्यांना पाणी हवंय, चिखल नकोय."

कुंडक भागीदारी मोडून निघून गेला. राजवाड्याचं कामही गेलं. बाजार हसला. नंदिसेनाने आधी ओढ्याकाठची झाडं काढली, मग उरलेली थोडी थोडी विरळ केली, मधून गवत येऊ दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात उत्पला कुऱ्हाड घेऊन होडीपाशी गेली. वाळूवरून घोटाभर पाणी वाहत होतं. तिने कुऱ्हाड खाली ठेवली. "एवढ्यावर होडी चालायची नाही. पण नदीला परतायचं दिसतंय. थांबू या."

आणखी एक पावसाळा गेला, पुन्हा चैत्र आला. उत्पलाने होडीला हात लावायच्या आत होडी आपणच डुलली.

एवढं सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्खूंना म्हणाले, "तेव्हाचा कुंडक इथेच, पुढच्या रांगेत बसलाय, आता फार कुरकुरत नाही. उत्पला म्हणजे आज विहारात पाणी भरून गेली ती उपासिका. आणि नंदिसेन मी होतो. आपल्या हाताने लावलेलं दुसऱ्यासाठी आपल्याच हाताने कमी करणं, ही त्यागाची पारमिता, त्याची परिपूर्णता."