कोणालाही संशय आला नाही

"मग तीस वर्षांच्या हल्ल्यांचा अभ्यास रद्दीत घालू का, उस्ताद?"

फौजदार निनाद वाघचौरेच्या आवाजाला धार होती. हातात वायरलेस घेऊन तो तंबूत उभा होता. बाहेर पोलीस प्रशिक्षण केंद्राच्या मैदानावर नव्या पोरांचं दीक्षांत संचलन सुरू व्हायचं होतं. मांडवात त्यांचे आईबाप नटूनथटून बसले होते. आणि सकाळीच बॉम्बच्या धमकीचा फोन आला होता.

'मैदान सुरक्षित' एवढं निनादने म्हणायचं, की बँड वाजणार.

पण त्याआधी त्याला खंडागळे उस्तादांची मान हललेली बघायची होती. त्याला कवायत शिकवली ती त्यांनी, झडती घ्यायला शिकवलं तेही त्यांनी. आता निवृत्त. डोक्यावर टोपी, लोखंडी खुर्चीत बसून तंबाखू मळत होते. चेहऱ्यावर ज्ञानाचं तेज वगैरे काही नव्हतं. दाढीचे खुंट होते.

"रद्दीत घाल म्हणालो का मी? उपयोग काय झाला, एवढंच विचारलं."

"उपयोग?" निनाद हसला. "एकेक हल्ला पाठ आहे मला. सायकल, डबा, रेडिओ. कुठे ठेवला, कोणत्या सणाला ठेवला. त्यावरूनच आजचा बंदोबस्त लावलाय. साहेबांनी कालच्या भाषणात माझं नाव घेतलं."

साहेबांनी नाव घेतलं होतं हे खरं. अभ्यासाचं एक पान वाचलं नव्हतं, हेही खरं. खात्यात वर पोचलेल्यांना वाचावं लागत नाही. मान डोलवली की भागतं.

"म्हणजे त्यांचं सगळं पाठ आहे."

"सगळं."

"आणि आपलं?"

"आपलं म्हणजे?"

"त्या दिवशी फाटकावर आपला कोण उभा होता? काय करत होता?"

निनाद अडखळला. "ते अहवालात फारसं नसतं. शेवटी एक ओळ असते..."

"कसली?"

"'कोणालाही संशय आला नाही.'"

"ती पाठ केलीस?"

वायरलेस खरखरला. "वाघचौरे, पाहुणे आलेत. मैदान सुरक्षित आहे का? ओव्हर."

निनादचं डोकं तडकलं. म्हातारे सगळे असेच. ऐन वेळी कोडी घालायची, आणि काही बिनसलं की म्हणायचं, आम्ही सांगितलं होतं.

"उस्ताद, स्पष्ट बोला. हो म्हणू की नको?"

उस्तादांनी तंबाखू झटकली. दोन्ही पंजे उघडून त्याच्यासमोर धरले. रिकामे.

"मी आलो तेव्हा हातात काय होतं रं?"

"पिशवी."

"कुठाय?"

निनाद बोलायला गेला आणि थांबला...

उस्ताद फाटकावर दिसताच तो स्वतः धावला होता. 'द्या इकडं, उस्ताद. तुम्ही कशाला उचलताय?' पिशवी जड होती. तपासणीच्या दारापाशी रांग होती, म्हणून तो दोरीखालून आत आला. शिपायाने सॅल्यूट ठोकला. मग पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर त्याने ती ठेवली. उस्तादांची जागा राहावी म्हणून.

त्याने मांडवाकडे पाहिलं. एक बाई कोपराने ती पिशवी सरकवून ऐसपैस बसत होती.

"काय आहे पिशवीत?"

उस्तादांनी उघडे पंजे मांडीवर ठेवले.

"उस्ताद, काय आहे?"

"वाघचौरे!" वायरलेस ओरडला.

आपल्याच हाताने आणलेली पिशवी. सांगितलं तर सगळं मैदान हसणार. साहेब तर कच्चा खाणार...

बाई लुगडं सावरत पिशवीवर रेलली.

"मैदान सुरक्षित नाही," निनाद म्हणाला. "मांडव रिकामा करा. पहिली रांग आधी. ओव्हर."

शिट्ट्या वाजल्या. खुर्च्या पडल्या. कुणाची तरी आई रडायला लागली. बॉम्बशोधक पथकाने चिलखतं चढवून पिशवी उघडली.

वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन विटा.

साहेब लालबुंद होऊन तंबूत आले. उस्तादांना बघितलं आणि त्यांचा सूरच बदलला. "अरे, उस्तादांची होती होय? मग काय! आपलेच आहेत. चला, सुरू करा."

"नाही, साहेब."

"काय नाही?"

"यांची झडती राहिलीय."

साहेबांचं तोंड उघडं ते उघडंच.

"उठा, उस्ताद," निनाद म्हणाला. "हात वर."

उस्ताद उठले. हात वर केले.

त्याने खिसे उलटे केले. कंबर चाचपली, बगला, पाठ. गुडघ्यावर बसून जोडे काढायला लावले, आत हात घालून पाहिलं. ज्या माणसाकडे नजर वर करून बघायची कधी हिंमत झाली नव्हती, त्याच्या अंगावर निनादची बोटं फिरत होती. साहेबांनी मान फिरवली.

निनाद उभा राहिला. कपाळावरचा घाम पुसला, वायरलेस तोंडाशी नेला.

"मैदान..."

उस्तादांचे हात अजून वरच होते.

"टोपी राहिली," ते म्हणाले.