बोराएवढं भोक

एका नदीकाठी एक नावाडी राहायचा. नाव जुनी, नावाडी तिच्याहून जुना, आणि त्याचा आळस दोघांच्याही आधीचा. नावेच्या बुडाला बोराएवढं भोक पडलेलं. बायको रोज सकाळी चिंधी पुढं करायची.

"अवं, एवढी कोंबा की भोकात."

"उद्या बघू," म्हणायचा गडी, आणि पायाच्या अंगठ्यानं भोक दाबून वल्हं मारायचा.

एक दिवस नावेत दोघं बसली. कोंबडी घेतलेली एक म्हातारी, आणि फेटा बांधून सासुरवाडीला निघालेला नवा जावई. ऐन मधल्या धारेत कुजकी फळी मोडली. बोराचं झालं कवठ. नावाड्यानं अंगठा दाबला, तर अख्खा पायच खाली गेला.

आता करावं काय? वल्हं मारावं तर पाणी चढतंय, पाणी उपसावं तर नाव गरगर फिरतीय. अलीकड कुठलं अन् पलीकड कुठलं, त्याला कळंना. म्हातारीनं तळवा लावला, बोटांतून चिळकांड्या उडाल्या. कोंबडी जाऊन बसली जावयाच्या फेट्यावर.

"जावईबापू, फेटा द्या, बोळा करतो," नावाडी म्हणाला.

"आणि सासरी बोडका जाऊ?"

"मग बुडून जावा," म्हातारी म्हणाली. मग तिची नजर फिरली नावाड्याकडं. "तू रं? तुझं धोतर फेड."

"आजी, लाज हाय की मला."

"लाज काठावर भेटंल. आधी काठ तरी भेटू दे."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण काडीनं काय कवठाएवढं भोक बुजतंय? पाणी गुडघ्याला लागलं. नावाड्यानं डोळे मिटले, धोतर फेडलं, बोळा करून ठासला आणि जीव खाऊन वल्हं मारलं.

नाव काठाला लागली. म्हातारी उतरली, जावई उतरला, कोंबडीपण उतरली. नावाडी काय उठंना. घाटावर सगळ्या बाया धुणं धूत होत्या.

त्याची बायको पुढं आली. "उतरा की."

"बसतो जरा. वारा बरा हाय."

"पोरी," म्हातारी म्हणाली, "त्याचं धोतर भोकात हाय."

बायकोनं कमरेची सकाळचीच चिंधी काढली आणि त्याच्या हातात दिली.

"घ्या. आता हीच नेसा."

तात्पर्य: शेवटच्या घटकेला धडपडून जीव वाचतो खरा, पण जिथं चिंधीनं भागलं असतं तिथं धोतर द्यावं लागतं.