वेस लावायची वेळ

फार पूर्वी एका गावाला भक्कम वेस होती, आणि वेशीला तितकाच भक्कम राखणदार. दिवेलागणीला तो दारात उभा राहून मोठ्यानं हाक द्यायचा, "कोण राहिलं बाहेर?" रानातला शेवटचा माणूस आत आल्याशिवाय त्यानं दार कधी लावलं नाही.

पुढं दरोडेखोरांचं भय सरलं, वेशीच्या दाराला वाळवी लागली आणि राखणदारही म्हातारा झाला. त्याची आठवण विरत गेली. आपण जेवलो की नाही हे त्याला सांगता येईना, पोटचा मुलगा ओळखू येईना. पण दिवेलागण झाली की काठी घेऊन तो उठायचाच.

"सोडा मला! वेस लावायची राहिली!"

मुलगा मोठा खरं बोलणारा. नको तिथंही खरं बोलायचा. "आबा, वेस कधीच मोडली. तुमचं काम संपलं."

"चोरा, तुला दार उघडंच हवंय!" म्हणत म्हातारा काठी उगारायचा.

एकदा तर मुलानं कमालच केली. समजूत घालायला थेट पाटलांनाच घरी आणलं. पाटील म्हणाले, "म्हातारबा, तुम्हाला कामातून मोकळं केलंय." हा शहाणपणा चांगलाच अंगाशी आला. आपल्या हातून काही चूक झाली म्हणून काढून टाकलं, असं वाटून म्हातारा ढसाढसा रडला, जेवलाही नाही. दुसऱ्या दिवशी तो पाटलांना विसरला आणि दिवेलागणीला पुन्हा काठी घेऊन उठला.

वैतागून मुलानं बाहेरून कडी घातली. म्हाताऱ्यानं दारावर मुठी आपटून हात रक्तबंबाळ करून घेतले.

जखमांना हळद लावताना सून नवऱ्याला म्हणाली, "आज सांगितलेलं उद्या त्यांच्यापाशी उरत नाही. मग रोज नव्यानं त्यांची चाकरी कशाला काढून घेता? लावू द्या की वेस!"

"अगं, पण वेस आहे कुठं?"

"अंगणाला फाटक आहे ना!"

दुसऱ्या दिवशी मुलानं स्वतःच काठी बापाच्या हातात दिली. "आबा, चला, वेळ झाली." म्हातारा ताठ मानेनं फाटकापाशी गेला आणि त्यानं हाक दिली, "कोण राहिलं बाहेर?"

मुलगा फाटकाबाहेर उभा होता. तो म्हणाला, "मी राहिलोय, आबा."

म्हाताऱ्यानं त्याला निरखून पाहिलं. ओळख काही पटली नाही. तरी त्यानं हात पुढं केला.

"मग ये की आत, लेकरा! तुला बाहेर ठेवून दार कसं लावू?"

मुलगा आत आला. म्हाताऱ्यानं फाटक लावलं, पोटभर भाकरी खाल्ली आणि शांत झोपला.

पुढच्या सगळ्याच संध्याकाळी काही अशा गोड गेल्या नाहीत. अधूनमधून काठी उगारली जायचीच. पण मुलगा आता वाद घालत नसे. दिवेलागण झाली की तो आपणहून फाटकाबाहेर जाऊन उभा राहायचा आणि बापाच्या हाकेची वाट पाहायचा.

तात्पर्य: आठवण हरवलेल्या माणसाशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही. त्याच्या कामाला हातभार लावावा, म्हणजे तोच आपल्याला आत घेतो.