शेवट चहानंतर

कणकवलीच्या लेखक मंडळात रिवाजच होता, अर्धी कथा चहाआधी वाचायची, उरलेली चहानंतर. अध्यक्ष प्राचार्य तायशेटे यांनी मान डोलावल्याशिवाय कुठलीच कथा वार्षिक अंकात जात नसे.

त्या दिवशी बालवाडीच्या शेवंता घाडीबाई पहिल्यांदाच वाचायला बसल्या. दुसऱ्याच पानावर अध्यक्षांना डुलकी लागली. कपबशा वाजल्या तसे ते दचकून जागे झाले आणि वाचन आटोपलं असं समजून म्हणाले, “बाकी ठीक, पण शेवट साफ फसलाय. अंकात घेता येणार नाही.”

बाईंनी हातातल्या न वाचलेल्या पानांकडे पाहिलं. त्यांनी कप उचलून अदबीनं पुढे केला.

“चहा जरा कडकच घ्या, सर. शेवट मी अजून वाचलेला नाही.”

सगळं मंडळ खो खो हसलं. अध्यक्षांनी निमूट दोन कप घेतले, आणि शेवटाला पहिली टाळी त्यांचीच पडली.